लिफ्टनंतर पुढच्या चाकांची अलाइनमेंट : कोणते काम आधी, कोणते नंतर

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून शेतापर्यंत पोचता यावे, बालाघाटातल्या खडकाळ वाटेवर गाडीचा तळ घासू नये, म्हणून मराठवाड्यात थार, जिम्नी, जिप्सी, बोलेरो आणि जुन्या जीपगाड्या दीड-दोन इंच उंच करून घेतल्या जातात. लिफ्ट किट बसते, त्याच संध्याकाळी गाडी टायरच्या दुकानात कंप्युटर अलाइनमेंटला उभी राहते, पडद्यावरचे आकडे हिरवे होतात आणि मालक निर्धास्त होऊन घरी येतो. पुढे तक्रारी सुरू होतात : सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून मागे येत नाही, एका ठरावीक वेगाला पुढचा भाग थरथरतो, आणि टायरची एक कड झपाट्याने खाल्ली जाते.

बहुतेक वेळा दोष किटचा नसतो आणि मशीनचाही नसतो. लिफ्टमुळे कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल), कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर कल), ॲक्सलची आडवी जागा आणि स्टेअरिंगचा मध्य असे बरेच काही हललेले असते, आणि दुकानात मात्र फक्त टो (वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) दुरुस्त केला जातो, कारण तो सर्वांत सोपा असतो. टो हा सगळ्यांत शेवटी लावायचा कोन आहे. आधीचे कोन चुकीचे असताना लावलेला टो ते कोन सुधारताच पुन्हा बिघडतो.

आपली गाडी कोणत्या गटातली आहे

पुढची सगळी कामे यावर अवलंबून आहेत, म्हणून गाडीखाली वाकून एकदा नीट पाहावे. जिप्सी आणि जुन्या जीपगाड्यांना पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकच ॲक्सल) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. जिम्नीलाही पुढे सलग ॲक्सलच आहे, पण तो कॉइल स्प्रिंगवर बसवलेला असून मागे चेसिसकडे जाणारे दोन लांब आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड त्याला जागेवर धरतात. २०२० नंतरची थार आणि बोलेरो यांची पुढची चाके स्वतंत्र आहेत; तिथे वरचा आणि खालचा आर्म, बॉल जॉइंट आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड (चाकांना वळवणारे रॉड) यांचा विचार करावा लागतो.

सलग ॲक्सलमध्ये लिफ्टमुळे कॅम्बर बदलत नाही, पण कॅस्टर नक्की बदलू शकतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये टो, कॅम्बर आणि कॅस्टर हे तिन्ही बदलतात.

टप्पा १ : लिफ्ट बसवण्यापूर्वीची मापे

गाडी मूळ उंचीवर असतानाच कागदावर काही आकडे लिहून ठेवावेत. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे उभे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजलेली उंची या कामी उपयोगाची नाही, कारण तिच्यात टायरचा आकार आणि हवा दोन्ही मिसळतात. त्यानंतर सलग ॲक्सलच्या गाडीत ॲक्सलवर किंवा नकलवर (ॲक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागावर) एखादा सपाट, घासून तयार केलेला भाग शोधून त्यावर चुंबकाचा डिजिटल कोनमापक ठेवावा, कोन लिहून घ्यावा आणि त्या जागी पेंटने खूण करावी. लिफ्टनंतर याच खुणेवर पुन्हा मोजले की कॅस्टर किती गेला ते मशीनशिवाय कळते. पाच मिनिटांचे हे काम पुढे अनेक वाद मिटवते.

शक्य असल्यास लिफ्टच्या आधी एकदा कंप्युटरवर मोजणी करून छापील कागद जपून ठेवावा. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील कॅस्टर, कॅम्बर आणि टो यांची मूल्येही त्याच कागदावर उतरवावीत.

इशारा : नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लागू होते. किट विकत घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्हींकडे चौकशी करावी.

टप्पा २ : सांध्यांतली चाल

सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतही टिकत नाही. चाक जॅकवर उचलून, खाली घोडी लावून, टायर वर आणि खाली धरून हलवावा; चाल जाणवली तर व्हील बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट संशयित आहे. नंतर डावी-उजवीकडून धरून हलवावा; इथे चाल आली तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचे सांधे पाहावेत.

याहून खरी परीक्षा चाके जमिनीवर असताना होते. इंजिन सुरू ठेवून एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे-थोडे, पण सतत हलवावे आणि दुसऱ्याने बाजूला बसून एकेक सांधा बोटाने चाचपावा : पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोके, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा रॉड), टाय रॉड एंड, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरील बोल्ट. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चाल बोटाला लगेच लागते. जिम्नीसारख्या गाडीत पॅनहार्ड रॉडच्या बोल्टच्या भोकात अर्धा मिलिमीटर खेळ असला, तरी पुढचा सगळा भाग थरथरण्यास तो पुरेसा ठरतो. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर) बदलून ही थरथर काही दिवस दबते, पण कारण तसेच राहते. म्हणून आधी डॅम्पर बदलण्याचा सल्ला मानू नये.

याच वेळी पुढचे ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरी पाहाव्यात. चाक पूर्ण खाली लोंबत असताना आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवलेले असताना त्यांना ताण पडता कामा नये. स्वतंत्र सस्पेन्शनच्या ४x४ गाडीत सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचे) रबरी बूट कुठे घड्या पडून घासतात का, हेही पाहावे.

टप्पा ३ : बुश वजनावर घट्ट करणे आणि गाडी बसू देणे

इथे होणारी चूक सर्वांत जास्त आढळते. किट बसवताना गाडी उचललेली असते, चाके लोंबत असतात आणि त्याच अवस्थेत आर्मचे, पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट शेवटपर्यंत आवळले जातात. रबरी बुश त्या लोंबत्या कोनात जखडला जातो. गाडी खाली आली की तो पिळला जातो, गाडीला खोटी उंची देतो, चाल कडक करतो आणि काही महिन्यांत फाटतो. अशा पिळलेल्या बुशवर मोजलेली उंची खोटी असल्यामुळे त्या उंचीवर लावलेला प्रत्येक कोनही खोटा ठरतो.

योग्य रीत अशी आहे : बोल्ट हाताने बसतील इतकेच ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकलावी, बंपरवर वजन देऊन तीन-चार वेळा दाबून सोडावी आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधील मूल्यापर्यंत आवळावे. गाडी ढकलणे का आवश्यक आहे? जॅकवरून उतरताना टायर जमिनीला चिकटून आत ओढलेले राहतात, आणि फिरल्याशिवाय ते मोकळे होत नाहीत.

त्यानंतर टेपने कामचलाऊ टो लावावा (रीत टप्पा ८ मध्ये आहे) आणि गाडी साधारण ३०० ते ५०० किमी मध्यम वेगाने चालवावी. नवीन स्प्रिंग आणि पाटे या काळात थोडे बसतात. पाट्यांच्या गाडीत पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट या टप्प्यानंतर पुन्हा आवळणे बंधनकारक समजावे. ते सैल राहिले तर सेंटर बोल्टवर भार येऊन तो तुटू शकतो आणि ॲक्सल पाट्यावरून सरकतो.

तपासणी : चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची डाव्या-उजव्या बाजूला ५-६ मिमीपेक्षा जास्त वेगळी नसावी. असल्यास पुढे जाऊ नये; स्प्रिंग उलटसुलट बसली आहे का, स्पेसर दोन्हीकडे सारखे आहेत का, ते आधी पाहावे. टॉर्शन बारच्या (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) गाडीत दोन्ही बाजूंची उंची बार फिरवून सारखी करता येते. मात्र बार आवळल्याने तो कडक होत नाही, फक्त चाकाला खाली जाण्यासाठी उरलेला प्रवास कमी होतो, हे लक्षात ठेवावे.

टप्पा ४ : सपाट जागा आणि नेहमीचे वजन

घरासमोरचा रस्ता डोळ्याला सपाट दिसला तरी पाणी वाहून जाण्यासाठी त्याला उतार दिलेला असतो. मोंढ्यातील काँक्रीटचा ओटा, जिनिंगचे आवार किंवा एखाद्या गोदामाची फरशी ही यासाठी चांगली जागा आहे. चार चाकांच्या जागा खडूने आखून गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी तपासावी. जी जागा खाली भरते तिथे पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे टाकून पातळी साधावी.

गाडी रोज ज्या वजनाने चालते तेच वजन तिच्यावर असावे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच असेल तर ती बसवलेली असावी. मागे कायम पाण्याचे कॅन आणि अवजारे असतील तर तीही असावीत. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांत ठरल्याप्रमाणे भरावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची हवा मोजून काम सुरू केले तर उन्हातल्या बाजूचा आणि सावलीतल्या बाजूचा टायर वेगळा आकडा दाखवतो.

पुढच्या टायरखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन-दोन गुळगुळीत पत्रे ठेवले तर चाक अडखळल्याशिवाय वळते. पुढील मोजण्यांसाठी याची गरज पडेल.

टप्पा ५ : ॲक्सल मध्यावर आहे का

पाट्यांच्या गाडीत दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. दोन बाजूंत मोठा फरक असेल तर एखादा ॲक्सल तिरपा बसला आहे. मागचा ॲक्सल तिरपा असेल, तर पुढे कितीही अचूक टो लावला तरी गाडी तिरकी चालते आणि स्टेअरिंग वाकडे धरावे लागते.

पॅनहार्ड रॉडच्या गाडीत गोष्ट वेगळी आहे. रॉडचे एक टोक चेसिसला आणि दुसरे ॲक्सलला असते. चेसिस वर गेले की रॉड अधिक उभा होतो, त्याचे आडवे अंतर घटते आणि ॲक्सल चेसिसवरील टोकाच्या दिशेने ओढला जातो. ९०० मिमी लांबीचा रॉड घ्या, ज्याची दोन टोके मुळात १०० मिमीच्या उंचीफरकाने बसली आहेत. गाडी ५० मिमी उचलल्यावर हा ॲक्सल सुमारे ७ मिमी बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना चेसिसवरून ओळंबा सोडून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले की हे सरकणे दिसते. दोन अंतरांतला फरक सरकण्याच्या दुप्पट येतो. लांबी बदलता येणारा रॉड किंवा टोकाची जागा बदलणारा ब्रॅकेट हा यावरचा उपाय आहे.

इशारा : ब्रॅकेट लावून पॅनहार्ड रॉडचा कोन बदलला आणि ड्रॅग लिंकचा कोन तसाच ठेवला, तर खड्ड्यातून जाताना स्टेअरिंग आपोआप वळते. हे दोन्ही रॉड समोरून पाहताना शक्य तितके समांतर दिसले पाहिजेत.

टप्पा ६ : कॅस्टर

चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहताना वरून मागे कललेला असतो. हा कल म्हणजे कॅस्टर. वळणानंतर स्टेअरिंगला सरळ आणतो तो मुख्यतः हाच. लिफ्टनंतरच्या भरकटण्याचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, आणि टायरच्या दुकानात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच कोनाकडे होते, कारण कॅस्टर चुकीचा असला तरी टायर लवकर झिजत नाही. टायर शाबूत आहे म्हणून गाडी ठीक आहे असे मालकाला वाटते, आणि प्रत्यक्षात ती वेगात धोकादायक झालेली असते.

जिम्नीसारख्या रचनेत किती कॅस्टर जाईल याचा अंदाज आधीच काढता येतो. आर्मच्या चेसिसवरील बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी, लिफ्टच्या मिलिमीटरला त्या लांबीने भागावे आणि ५७ ने गुणावे. लांबी ८०० मिमी आणि लिफ्ट ५० मिमी असेल तर उत्तर साधारण ३.६ अंश येते. म्हणजे दोन इंचांच्या लिफ्टमध्ये कंपनीने दिलेल्या कॅस्टरचा मोठा भाग संपू शकतो. कॅस्टर सुधारणारे ऑफसेट बुश किंवा आर्मचे ब्रॅकेट हा किटचा ऐच्छिक भाग म्हणून विकला जातो. माझ्या मते दीड इंचाच्या वर तो आवश्यक भाग समजूनच खर्चाचा हिशोब करावा.

पाट्यांच्या गाडीत शॅकल कोणत्या टोकाला आहे त्यावर सगळे अवलंबून असते. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकल लावल्याने कॅस्टर घटतो. मागच्या टोकाला असेल तर वाढतो. सुधारण्यासाठी पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवतात. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी पट्टी हव्या त्या अंशात पोलादात मिलिंग करून मिळू शकते. ॲल्युमिनियमची मऊ पट्टी टाळावी. ती यू-बोल्टच्या दाबाखाली चेपते. पट्टीची जाड बाजू पुढे की मागे, हे पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरते, म्हणून अंदाजाने न बसवता पट्टी घातल्यावर कोनमापकाने दिशा पडताळावी.

कॅस्टर घरी मोजण्याची रीत अशी. चाक ग्रीसच्या पत्र्यांवर असताना सरळ स्थितीपासून २० अंश बाहेर वळवावे आणि रिमवर उभा कोनमापक ठेवून कॅम्बर वाचावा. नंतर सरळ स्थितीपासून २० अंश आत वळवून पुन्हा वाचावा. दोन आकड्यांतील फरकाला दीडने गुणले की कॅस्टर मिळतो. बाहेर वळवल्यावर +१.२ आणि आत वळवल्यावर -१.० आले तर फरक २.२, म्हणजे कॅस्टर सुमारे ३.३ अंश. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा लहान आला तर कॅस्टर उणे झालेला आहे आणि ती गाडी महामार्गावर नेऊ नये.

तपासणी : दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नसावा. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. सलग ॲक्सलमध्ये दोन बाजूंत मोठा फरक आला तर ॲक्सल पिळलेला किंवा एखादा आर्म वाकलेला असण्याची शक्यता तपासावी.

सलग ॲक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कंप जाणवू लागले तर कॅस्टर पूर्ण मूळ आकड्यावर नेण्याचा हट्ट सोडून मधला आकडा निवडावा.

टप्पा ७ : कॅम्बर

सलग ॲक्सलमध्ये कॅम्बर फक्त मोजायचा. तो मूळ आकड्यापासून हटला असेल तर बेअरिंग, किंगपिन किंवा वाकलेला ॲक्सल हे कारण आहे आणि त्यावर अलाइनमेंटचा उपाय नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवल्यावर आर्म सरकवणारे बोल्ट) किंवा वरच्या आर्मचे शिम (पातळ पट्ट्या) यांनी कॅम्बर लावतात. एक्सेंट्रिक बोल्ट दोन असतील तर दोन्ही एकाच दिशेने फिरवल्यास मुख्यतः कॅम्बर आणि विरुद्ध दिशांना फिरवल्यास मुख्यतः कॅस्टर बदलतो. एक लावताना दुसरा हलतोच, त्यामुळे दोन्हींच्या फेऱ्या कराव्या लागतात. बोल्ट टोकाला जाऊनही आकडा येत नसेल, तर गाडीची उंची त्या आर्मच्या आवाक्याबाहेर गेलेली आहे. तेव्हा कोन बदललेला वरचा आर्म घ्यावा किंवा लिफ्ट कमी करावी. बोल्टची भोके कानसून मोठी करण्याचा सल्ला मिळाला तर त्या दुकानातून गाडी परत आणावी.

कोनमापक नसल्यास ओळंबा चालतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. १५ इंची रिमच्या कडांमधील अंतर सुमारे ४१० मिमी धरले तर ७ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश.

टप्पा ८ : टो आणि स्टेअरिंगचा मध्य

दोन गटांत इथला क्रम उलटा आहे, आणि तो न पाळल्यामुळे स्टेअरिंग वाकडे राहते.

स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक असलेल्या गाडीत आधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत, निम्म्यावर आणून दोरीने किंवा क्लॅम्पने बांधावे आणि मग डावा-उजवा टाय रॉड स्वतंत्रपणे लावावा. शेवटी दोन्ही बाजूंचे उघडे आटे जवळपास सारखे दिसले पाहिजेत. सलग ॲक्सलच्या गाडीत आधी टाय रॉड फिरवून टो लावावा आणि त्यानंतर ड्रॅग लिंकची लांबी बदलून स्टेअरिंग मध्यावर आणावे. ड्रॅग लिंक जर टाय रॉडलाच जोडलेली असेल तर मध्य आणल्यावर टो पुन्हा मोजावा.

इशारा : स्टेअरिंग सरळ दिसावे म्हणून ते काढून एक-दोन दाते सरकवून बसवू नये. स्टेअरिंग बॉक्समध्ये चाल सर्वांत कमी असते ती बरोबर मध्यावर. दाते सरकवले की सरळ चालताना बॉक्स मध्यापासून दूर काम करतो आणि चाल वाढलेली जाणवते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर स्टेअरिंगला हात लावणेही धोक्याचे आहे.

टो मोजण्याची टेपची रीत जुनी असली तरी नीट केल्यास विश्वासार्ह आहे. दोन्ही पुढची चाके उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा मारावा आणि स्थिर टेकवलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ ओढावी. टायर किंवा रिम थोडे वाकडे असले तरी ही रेघ फिरण्याच्या खऱ्या प्रतलात येते. गाडी उतरवून, पुढे-मागे ढकलून, ॲक्सलच्या उंचीवर टायरच्या पुढच्या बाजूला दोन रेघांमधील अंतर मोजावे आणि त्या जागी खुणा कराव्यात. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलावी. २३५/७५ आर १५ टायरसाठी हे अंतर सुमारे १.१५ मीटर आहे. त्याच खुणा आता मागच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजावे. पुढचे माप मागच्यापेक्षा जितके कमी, तितका टो-इन. दोन्ही मापांआधी गाडीची शेवटची ढकल पुढच्याच दिशेने असावी. मागे ओढली तर सांध्यांतील ताण उलटतो आणि आकडा बदलतो.

मॅन्युअलमधील आकडा मिलिमीटरमध्ये असेल तर तो मूळ टायरसाठी आहे. मोठे टायर असतील तर अंशात रूपांतर करावे : सुमारे ७३० मिमी व्यासाच्या टायरवर ३ मिमी म्हणजे जवळपास ०.२३ अंश. जुन्या ४x४ गाड्यांत सहसा शून्य ते ३ मिमी टो-इन ठेवला जातो. टो-आउट राहू देऊ नये.

टाय रॉडचे चेकनट (त्याची लांबी पक्की धरणारे नट) आवळताना टाय रॉड एंड फिरतो आणि माप बदलते, म्हणून एंड दुसऱ्या पान्याने धरावा आणि चेकनट आवळल्यावर शेवटचे माप पुन्हा घ्यावे. हे माप न घेतल्याने बरीच मेहनत वाया जाते.

टप्पा ९ : आता कंप्युटरवर

इथपर्यंतची कामे झाली की मशीनवर जाण्यात अर्थ आहे. ऑपरेटरला तीन गोष्टी सांगाव्यात. काम सुरू करण्यापूर्वीच्या मोजणीचा कागद त्याने आपल्याला द्यावा. रिमचा वाकडेपणा वजा करण्यासाठी गाडी ढकलून किंवा चाके फिरवून रनआउटची पायरी पूर्ण करावी. आणि कॅस्टर मोजण्यासाठी स्टेअरिंग दोन्हीकडे खरोखर वळवावे. पडद्यावर कॅस्टरचा रकाना रिकामा दिसत असेल तर ती मोजणी अर्धवट आहे.

हिरव्या रंगावर समाधान मानू नये. प्रत्येक आकड्याला वरची आणि खालची मर्यादा असते. डावा कॅम्बर वरच्या आणि उजवा खालच्या मर्यादेवर असला तरी दोन्ही हिरवे दिसतात, पण गाडी जास्त धन कॅम्बरच्या बाजूला ओढते. डाव्या-उजव्या आकड्यांतला फरक कागदावर स्वतः वजाबाकी करून पाहावा.

ईएसपी (घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली) असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरने पुन्हा लावून घ्यावा. ते राहिले तर साध्या वळणावरही प्रणाली ब्रेक लावू शकते किंवा दिवा पेटू शकतो.

टप्पा १० : रस्त्यावरची चाचणी

पहिली चाचणी समृद्धी महामार्गावर करू नये. तिथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमीपर्यंत आहे, इंटरचेंज एकमेकांपासून लांब आहेत, आणि काही बिघडले तर लवकर बाहेर पडता येत नाही. गावाजवळचा रुंद, रिकामा आणि शक्य तितका सपाट रस्ता निवडावा. ताशी ४० किमी, नंतर ६०, नंतर ८० असे जावे आणि प्रत्येक वेगाला एकच गोष्ट पाहावी.

स्टेअरिंग हलके धरले असता गाडी सरळ राहते का? रस्त्याच्या उताराने डावीकडे किंचित जाणे स्वाभाविक आहे. तोच रस्ता उलट दिशेनेही पाहून खात्री करावी. वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग स्वतः मागे येते का? येत नसेल तर टप्पा ६ कडे परत जावे. एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंगला झटका बसून दिशा बदलते का? बदलत असेल तर ड्रॅग लिंक किंवा टाय रॉडचा कोन कारण आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जाते का? गाडी सरळ जात असतानाही स्टेअरिंग वाकडे दिसत असेल तर फक्त मध्य चुकला आहे. टोला हात लावू नये, ड्रॅग लिंक लावावी किंवा रॅकच्या गाडीत दोन्ही टाय रॉड विरुद्ध दिशांना सारखेच फिरवावेत.

सुमारे १,००० किमीनंतर पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले तर टो चुकला आहे. दोन्ही टायरची बाहेरची कड खाल्ली जात असेल तर टो-इन जास्त आहे. आतली कड जात असेल तर टो-आउट आहे. एकाच टायरची एकच कड सारखी घासत असेल तर कॅम्बरकडे पाहावे.

कधी पुन्हा तपासावे

पहिल्या ५०० किमीनंतर सर्व बोल्ट आणि यू-बोल्टचा टॉर्क तपासावा. खडकावर टाय रॉड आपटला असे वाटले तर त्याच दिवशी टेपने टो मोजावा. वाकलेला टाय रॉड डोळ्याला सरळ दिसू शकतो. पावसाळ्यात पांदणीतून आलेली गाडी वेगात थरथरू लागली, तर अलाइनमेंटवर संशय घेण्यापूर्वी चाके काढून रिमच्या आतल्या बाजूची काळी माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. ही माती वाळली की घट्ट चिकटून राहते आणि चाकाचे संतुलन बिघडवते. धुतल्यावर थरथर थांबली तर टाय रॉडला हात लावण्याचे कारण उरत नाही.